भिंतीवरची अक्षरे, पेटीतले कागद

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमचे धाकटे चिरंजीव नागपूरहून पांढुर्ण्याला आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत पुस्तके दोन आणि संगणक एक होता. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहेत, तेव्हा हे प्रमाण योग्यच म्हणायचे. पाडव्याच्या रात्री जेवणे झाल्यावर मी मागच्या खोलीत डोकावलो, तर दिवा मालवून हे एकटेच काहीतरी खेळत बसलेले. मुख्याध्यापकी अंगात मुरली की व्हिडिओ गेम दिसताच तोंडून पहिला शब्द ‘बंद’ हाच निघतो. तो ओठांवर आलाही होता. पण पडद्यावर ना बंदूक होती, ना धावाधाव. एक दगडी भिंत होती आणि तिच्यावर गोगलगाईच्या पाठीसारखी वळत गेलेली अक्षरे निळसर चमकत होती.

“हे काय चाललंय?”

“बाबा, हे लोक कधीचे मरून गेलेत. त्यांनी काय लिहून ठेवलंय ते वाचतोय.”

इतिहासात एम.ए. केलेल्या आणि तीस वर्षे तोच विषय शिकवलेल्या माणसाला याहून मोठे आमिष कोणते असणार? मी खुर्ची पुढे ओढली. त्या रात्री आम्ही दीड वाजता उठलो. सौ. दोनदा येऊन दाराशी उभ्या राहिल्या आणि दोन्ही वेळा काही न बोलता परत गेल्या. आमच्या घरी न बोलणे हे बोलण्यापेक्षा गंभीर असते.

खेळाचे नाव ‘आउटर वाइल्ड्स’. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात ॲलेक्स बीचम नावाच्या विद्यार्थ्याने पदव्युत्तर प्रबंध म्हणून तो आरंभला, २०१९ साली तो पूर्ण रूपात बाहेर पडला आणि २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘बाफ्टा’ संस्थेने त्याला वर्षातील सर्वोत्तम खेळाचा मान दिला. प्रबंधातून असे काही निपजू शकते हे पाहून मला माझा प्रबंध आठवला. तो अजून विद्यापीठाच्या कपाटात असावा.

कथा अशी. एका लहानशा सूर्यमालेत चार डोळ्यांची एक साधीभोळी जमात राहते. लाकूड, पत्रा आणि खिळे ठोकून ते अंतराळनौका बांधतात. आमच्याकडे बैलगाडीचे चाक दुरुस्त करावे इतक्या सहजपणे. त्यांच्यातला नवा अंतराळवीर म्हणजे आपण. या सूर्यमालेत काही लाख वर्षांपूर्वी ‘नोमाई’ नावाचे दुसरे लोक येऊन राहून गेले. ते कोण होते, कशाच्या शोधात आले, कसे नष्ट झाले, हे त्यांच्या भिंतींवरच्या लिखाणावरून आपण शोधायचे. मेख अशी की बावीस मिनिटे झाली की सूर्य फुटतो. सगळे संपते आणि आपण पुन्हा त्याच शेकोटीपाशी त्याच सकाळी डोळे उघडतो. हाती काही उरत नाही, उरते ती फक्त नौकेच्या नोंदवहीतली माहिती. नापास होऊन त्याच वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यालाही निदान मागच्या वर्षीचे पाठ असते, तसे.

आमच्या मातोश्री त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मागे येऊन बसल्या. दोनदा सूर्य फुटलेला त्यांनी पाहिला आणि नातवाला विचारले, “कावून रे, रोज रोज सूर्य फुटते, अन् तू रोज उठून पुन्हा तिथंच जातं?” या खेळाचे इतके नेमके परीक्षण मी अन्यत्र वाचलेले नाही.

मीही खेळून पाहिले. लिहायला संकोच वाटतो, पण पहिल्या तीन फेऱ्यांतच मी तीनदा मेलो. एकदा अंतराळपोशाख न घालता दार उघडून बाहेर पडलो. एकदा उतरताना नौका डोंगरावर आपटली. तिसऱ्यांदा नौका आपोआप चालणारी कळ दाबून निश्चिंत बसलो. वाटेत सूर्य होता, नौकेने तो विचारात घेतला नाही आणि मीही नाही. चिरंजीव हसून हसून लोळले. पण ‘भंगुर’ म्हणावा अशा एका ग्रहावर आम्ही पोचलो आणि माझे हात थांबले. त्या ग्रहाचे कवच तुकड्यातुकड्यांनी आत कोसळत असते, कारण त्याच्या पोटात कृष्णविवर आहे. पाय घसरला की आपण त्यात पडतो आणि दूर, सूर्यमालेच्या टोकाशी, श्वेतविवरातून बाहेर येतो.

चिरंजीव म्हणाले, “बाबा, हा ब्लॅक होल.” मी म्हणालो, “माहीत आहे. कृष्णविवर.” हा शब्द माझ्याकडे इंग्रजीच्या आधी आला होता. नववीत असताना मामांनी नागपूरहून डॉ. जयंत नारळीकरांचे ‘यक्षांची देणगी’ आणून दिले होते. सौंसरला मामांकडे सुट्टीत गेलो की छोट्या लाईनीच्या गाडीच्या शिट्ट्या ऐकत ओसरीवर पडून मी ते वाचले. ती गाडी २०१५ मध्ये बंद झाली, आता त्या वाटेवर मोठी लाईन आहे. नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून. नाव पाहून कोणी बक्षीस देऊ नये, हा हेतू. कथेला पहिले बक्षीस मिळाले. आणि श्वेतविवर ही खेळ रचणाऱ्यांची लहर आहे असे कोणी समजू नये. कृष्णविवर सगळे गिळते, तसे सगळे बाहेर टाकणारे श्वेतविवर गणिताच्या कागदावर संभवते. आकाशात ते अद्याप कोणी पाहिलेले नाही. सत्तरच्या दशकात या श्वेतविवरांवर संशोधन करणाऱ्यांत खुद्द नारळीकर होते. २० मे २०२५ रोजी ते पुण्यात निवर्तले. बातमी वाचली तेव्हा मला आधी तो ग्रह आठवला, मग सौंसरची ओसरी.

आपल्या वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी, ती विशेषतः सीमेवर राहणाऱ्यांना आवडेल. मराठीत चंद्रावरची सफर प्रथम छापली गेली ती १९०० च्या सुमारास ‘केरळकोकिळ’ मासिकात. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या कादंबरीचे ते मराठी रूप होते. आणि ‘केरळकोकिळ’ निघाले कुठे? पुण्यात नव्हे, मुंबईत नव्हे. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी ते १८८६ मध्ये कोचीनला, मलयाळम मुलखात, सुरू केले. मराठीच्या घरापासून लांब बसलेल्या माणसाच्या मासिकातून मराठी वाचक पहिल्यांदा पृथ्वी सोडून गेला. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांच्या हाती दिला, नारळीकरांनी अस्सल मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा दिली, हे सर्वांना ठाऊकच आहे.

खेळांचा इतिहास त्या मानाने कालपरवाचा. १९६२ साली अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी कपाटाएवढ्या संगणकावर ‘स्पेसवॉर’ रचला. दोन नौका, मधे एक तारा, एकमेकांवर मारा. म्हणजे माणूस पडद्यावरच्या अंतराळात गेला तो प्रथम गोटमार करायलाच गेला. पांढुर्णेकरांना यात नवल वाटू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर आपण आणि सावरगाव दुसरे काय करतो?

१९८४ मध्ये इंग्लंडच्या केंब्रिजमधील डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी ‘एलिट’ रचला. आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह. एका ग्रहावर माल घ्यायचा, दुसऱ्यावर विकायचा, वाटेत चोर. हे सगळे त्यांनी ज्या यंत्रात बसवले त्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइट होती. आज तेवढ्यात चिरंजीवांचा एक फोटोही मावत नाही. कथा बसवायला जागाच उरली नाही, म्हणून खेळाच्या डब्यात रॉबर्ट होल्डस्टॉक यांची छापील लघुकादंबरी ठेवली. गोष्ट कागदावर वाचायची आणि मग पडद्यावर निघायचे. मला ही तडजोड फार आवडते.

ते यंत्र म्हणजे बीबीसी मायक्रो. याच यंत्रावर आपल्या केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांतून संगणक-परिचयाची ‘क्लास’ योजना आरंभली. मी त्या वेळी नववी-दहावीत होतो. एका वक्तृत्वस्पर्धेसाठी परगावच्या एका मोठ्या शाळेत गेलो असताना ते मी एकदा पाहिले. चपला बाहेर काढायला लावल्या. खोलीला पडदे, यंत्रावर भरतकामाचे झाकण आणि त्यावर एक उदबत्तीचे घर. शिक्षकांनी झाकण उचलून दाखवले आणि पुन्हा घातले. हात लावू दिला नाही. त्या झाकणाखाली आठ आकाशगंगा मावतात हे मला चाळीस वर्षांनी कळले. आता माझ्याच शाळेच्या संगणक खोलीची किल्ली माझ्या टेबलाच्या खणात असते, हेही येथेच नोंदवून ठेवतो.

१९८६ चा ‘स्टारफ्लाइट’ हा माझ्या मते खरा वळणबिंदू. त्यात २७० ग्रहमाला, ८०० ग्रह, पण महत्त्वाचे ते नव्हे. भेटणाऱ्या परक्या जमातींशी बोलावे लागते. नम्रपणे बोलायचे की दरडावून, हे आपण ठरवायचे. ‘प्राचीन’ नावाची एक लुप्त जमात शोधायची आणि नौका चालते ती एका दुर्मिळ स्फटिकाच्या इंधनावर. शेवटी उलगडते की तो स्फटिक म्हणजेच ते प्राचीन लोक. ते जिवंत आहेत, फक्त इतक्या संथ गतीने जगतात की कोणाला कळत नाही. ज्यांना शोधायला निघालो त्यांनाच आपण वाटभर जाळत आलो. चाळीस वर्षांपूर्वीच्या, ठिपक्यांच्या खेळात हे आहे. चिरंजीवांनी हे सांगितले तेव्हा मी थोडा वेळ काही बोललो नाही.

कॅनडाच्या ‘बायोवेअर’ कंपनीच्या ‘मास इफेक्ट’ची कीर्ती फार मोठी. २००७, २०१० आणि २०१२ असे तीन भाग. पहिल्या भागात कोणाला वाचवले, कोणाला सोडले, ते तिसऱ्या भागापर्यंत लक्षात ठेवले जाते. संवाद उत्तम, जमाती विलक्षण. पण दर दहा मिनिटांनी बंदूक निघतेच. आणि २०१६ चा ‘नो मॅन्स स्काय’. त्यातल्या ग्रहांची संख्या अठरावर अठरा शून्ये. एवढे ग्रह, आणि सुरुवातीला तरी एकावरही सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. लग्नात तीनशे पानांची पंगत उठावी आणि वाढायला फक्त मीठ असावे, तसे वाटले. पुढे त्यांनी बरीच भर घातली म्हणतात. मी परत गेलो नाही.

तेव्हा ‘आउटर वाइल्ड्स’कडेच येतो. त्यात आपल्याजवळ शस्त्र नाही. आहे ते भाषांतराचे यंत्र. ते अक्षरांवर रोखले की अर्थ उमटतो. नोमाई लोक एकाखाली एक ओळी लिहीत नाहीत. एकाने एक वळण काढले की दुसरा त्याच वळणाला फांदी फोडून उत्तर लिहितो, तिसरा त्या फांदीला. भिंतीवर भांडण दिसते, थट्टा दिसते, कोणी कोणावर जीव टाकून आहे तेही दिसते. एका ग्रहाच्या गुहेत मुलांनी लिहून ठेवलेले खेळाचे नियम सापडतात. एकाने खोल पाण्यातला राक्षसी मासा व्हायचे, डोळे बांधायचे, बाकीच्यांनी आवाज न करता निसटायचे. म्हणजे आपली आंधळी कोशिंबीर. खुद्द नोमाईंनाही नसेल ठाऊक, पण लाखो वर्षांनी त्या माशांच्या तोंडातून जाणाऱ्या अंतराळवीराचा जीव पोरांच्या त्या चार ओळींनी वाचतो. (इतके सांगितल्याबद्दल चिरंजीव रागावतील. शेवट मात्र सांगणार नाही, तशी ताकीद आहे.)

भाषांतर यंत्र इंग्रजीत करी आणि मी मोठ्याने मराठीत वाचून दाखवी, कारण मागे आई बसलेल्या. दोन-तीन दिवस हे चालले आणि एक गोष्ट मला टोचू लागली. चिरंजीव मला मधेच अडवून विचारीत, “बाबा, ‘अवशेष’ म्हणजे?” “बाबा, ‘निर्वाणीचा’ म्हणजे काय?” घरी आम्ही मराठी बोलतो. पण त्याची शाळा हिंदी, कॉलेज इंग्रजी. मराठी त्याच्यापाशी स्वयंपाकघराएवढीच उरली आहे. भाजी, भाकर, रागावणे. त्याला दोष देऊ कसा? १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. त्याआधी नागपूर आपली राजधानी होती. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण छिंदवाड्याबरोबर मध्यप्रदेशात राहिलो. ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रयान-३ चंद्रावर उतरले, त्याच महिन्यात पांढुर्ण्याला जिल्हा करण्याची घोषणा झाली आणि ऑक्टोबरात आपला जिल्हा झाला. पेढे मीही वाटले. पण मराठीचे जे झाले ते सगळे काही रेषा आखणाऱ्यांनी केलेले नाही. माझ्या वर्गात मराठीत उत्तर देणाऱ्या मुलाला “हिंदी में बोलो” म्हणून मी खाली बसवले आहे. एकदा नव्हे. परीक्षेत त्याचे नुकसान होऊ नये हे कारण होते आणि ते खरेही होते. तो मुलगा मग वर्षभर वर्गात बोलला नाही, हेही खरे.

मग एके दिवशी चिरंजीव म्हणाले, “या लोकांची भाषा वाचायला यंत्र तरी आहे. माळ्यावरच्या पेटीतलं कोण वाचणार?”

त्या पेटीत माझ्या आजोबांचे कागद आहेत. वीस ते चाळीसच्या दशकातले, बरेचसे मोडीत. हा सगळा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा, १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केलेला. पण राजवट गेली तरी हिशेब ठेवणाऱ्यांच्या हातून मोडी लगेच गेली नाही. आजोबा आधी पानभर आडव्या रेषा ओढून घेत आणि मग हात न उचलता अक्षरे त्यांना लटकवत जात. वडिलांपर्यंत आली ती फक्त मोडीतली सही. माझ्यापर्यंत तीही नाही. इतिहासाचा एम.ए., भोसल्यांच्या महसुलावर विद्यार्थ्यांकडून टिपा लिहून घेणारा आणि आजोबांची पावती वाचता येत नाही. पेटी मी तीस वर्षांत दोनदा उघडली होती, दोन्ही वेळा डांबराच्या गोळ्या टाकायला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पेटी खाली काढली. चिरंजीवांनी प्रत्येक कागदाचा फोटो घेतला, कसरीने खाल्लेले वेगळे ठेवले. नागपूरहून मोडी शिकवण्याचे एक पुस्तक आणले. यंत्र नव्हते, त्यामुळे अक्षर अक्षर जुळवत बसलो. मोडीत एक अक्षर दुसऱ्याच्या पायात पाय घालून उभे असते; ‘ब’ कुठे संपतो ते ‘ळ’ला विचारावे लागते. पहिल्या दिवशी ‘श्री’ आणि आकडे, एवढेच लागले. चौथ्या दिवशी ‘मौजे’. मग ‘कापूस’. चिरंजीवांनी वहीत एका बाजूला मोडी अक्षर, एका बाजूला देवनागरी, असा तक्ता केला, आणि नौकेतल्या नोंदवहीत असतात तशा एका कागदापासून दुसऱ्या कागदाकडे जाणाऱ्या रेघा ओढल्या. कापूस ज्या मौजेचा, त्याच मौजेचे नाव आणखी तीन कागदांवर आहे. आईंना कागद दाखवला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी बोटाने त्यावरची आडवी रेघ चाचपली आणि म्हणाल्या, “मामंजी दिवा घेऊन असेच लिवत बसत. कोनाले उठू नाही देत.”

त्यांतल्या एका पत्राची अर्धी ओळ आता लागली आहे. आजोबांनी कोणाला तरी रुपयांबद्दल विचारले आहे. त्याच कागदाच्या कडेला, दुसऱ्या शाईत आणि दुसऱ्या हाताने, तिरपे उत्तर लिहून कागद परत पाठवला आहे. उत्तरातला पहिला शब्द ‘नाही’ असा दिसतो. पुढचे दोन अजून लागलेले नाहीत. चिरंजीव दिवाळीला येत आहेत, आणि पेटी मी माळ्यावर परत ठेवलेली नाही.